आम्ही निवडून आलो तेव्हा

"तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही," त्र्यंबककाका म्हणाले. "लिचफील्डला नुसता घसा साफ करायला तेवढी लागायची."

जागृतीने हसून त्यांच्यापुढे चहा ठेवला. ॲरिझोनाच्या उन्हातून सुटका म्हणून रामटेके काका-काकू रोज दुपारी सिटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, या जुन्या हॉलमध्ये येऊन बसत. मुलगा जवळच चँडलरला चिपच्या कंपनीत, म्हणून म्हातारपणी इंग्लंडमधलं लिचफील्ड सोडून आलेले. पण काकांचं मन काही आलं नव्हतं. त्यांच्या तोंडी सदा कॅथीड्रलचे तीन मनोरे, बाजाराचा चौक आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल. सगळे त्यांना काउन्सिलरकाका म्हणत आणि काका खुशाल म्हणवून घेत.

"आम्ही पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा कॅथीड्रलच्या घंटा वाजत होत्या. कुणाची तरी प्रॅक्टिस चालली होती, पण आम्हाला वाटलं, आपल्यासाठीच." काका स्वतःशीच हसले. "दारोदार पत्रकं टाकली गं. हे बघ, एका कुत्र्याने दाराच्या फटीतून बोट धरलं होतं." त्यांनी बोटावरचा व्रण दाखवला. "बायका भर पावसात रस्त्यात अडवायच्या. खड्ड्यापासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं सांगायच्या. घरी यायला उशीर, आमटी गार. इथे कोण कुणाला अडवतं?"

 शेजारी बसलेल्या शरयूकाकूंनी संत्र्याची एक फोड काकांच्या हातावर ठेवली.

"काका, सोमवारी सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये ती तीन मिनिटं तुम्हीच बोला ना," जागृती म्हणाली. "मी बोलायला गेली तर रडूनच देईन, यार."

सिटीला हा हॉल पाडून तिथे पार्किंग करायचं होतं. चार वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, जागृती नागपूरहून एकटीच इथे आली होती. कित्येक महिने मराठी फक्त फोनवर. एका रविवारी ती या हॉलवरून जात होती आणि आतून बुद्धवंदना ऐकू आली. ती मागच्या खुर्चीत बसून पोटभर रडली. तेव्हापासून रविवारची वंदना आणि मुलांचा मराठी वर्ग तिच्याकडेच होता. बाबासाहेबांचा फोटो ती चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीतून आणायची, भिंतीला लावायची, संध्याकाळी परत न्यायची. हॉल गेला तर फोटो डिकीतच राहणार होता.

"बघू," काका म्हणाले. "घरी विचारतो."

"काकू, काकांना पाठवाल ना?"

काकूंनी फोडीतली बी काढली. "शाळेतून मुलं इथे चालत येतात का गं?"

"येतात ना. काका, तुमच्याकडे सूट आहे ना?"

"आणि पार्किंग कुणासाठी? पलीकडचा प्लॉट तर दिवसभर रिकामा दिसतो."

"हो काकू," जागृती म्हणाली. बिचाऱ्या काहीतरी बोलायचं म्हणून बोलतायत, असं तिला वाटलं.

सोमवारी काका सूट घालून आले. काकूंनी एसीत थंडी वाजेल म्हणून साडीवर जुना करडा कोट चढवला होता. सभागृहातलं अर्धगोल टेबल आणि त्यामागच्या खुर्च्या बघून काका क्षणभर दारातच थांबले. नाव त्यांनीच नोंदवलं आणि तिघं दुसऱ्या रांगेत बसली.

आधीचे दोघे पार्किंगच्या बाजूने बोलले. मेयरबाई मान डोलावत होत्या.  रविवारी मुलांना काय सांगायचं, एवढंच जागृतीच्या डोक्यात घोळत होतं.

"नेक्स्ट, रामटेके," क्लार्कने पुकारलं.

काका उठले. टाय सारखा केला. "काका, ऑल द बेस्ट," जागृती कुजबुजली.

काकांनी वाकून काकूंच्या मांडीवरची पर्स उचलली, त्यांना वाट करून दिली आणि पर्स सांभाळत परत खाली बसले.

काकू माइकपाशी गेल्या आणि तो त्यांनी सवयीच्या हाताने आपल्या उंचीला ओढून घेतला.

"मॅडम मेयर," त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "लिचफील्डच्या कौन्सिलमध्ये एकोणीस वर्षं मी टेबलाच्या तुमच्या बाजूला बसलेय. तीन मिनिटं मला पुष्कळ झाली."