बुटांवरची माती

हेमांगी तालुक्याच्या माती-तपासणी केंद्रात नोकरीला होती. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला, तेव्हा तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. आसपास ना अणुभट्टी होती, ना युरेनियमची खाण; जमिनीखाली चोरून अणुस्फोट केल्याशिवाय इथल्या मातीत एवढा किरणोत्सर्ग येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ही माती तिने नवऱ्याच्या बुटांवरून खरवडून आणली होती. आपण डोंगरात पाण्याचा बोगदा खणतोय, असं श्रीरंग दोन वर्षं सांगत होता.

संध्याकाळी तिने सहजच विचारलं, "बोगद्यातून पाणी कधी येणार?"

"येईल." तो चहा ढवळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "हेमा, मातीचा तो अहवाल कुणाला पाठवू नकोस."

तपासणीबद्दल ती कुणाकडेच बोलली नव्हती. ती उठली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"पाठवायला."