डावी बाजू

मुकुलने हौसेने घेतलेली, टप उघडणारी जुनी गाडी पार्ल्याच्या गॅरेजमध्ये नव्या स्प्रिंगा टाकून जमिनीलगत बसवून घेतली. चारही चाकांवर उंची सारखी भरली.

सोसायटीत आणल्यावर मात्र डावी बाजू जास्त दबलेली दिसली. मेकॅनिकने येऊन सगळं पुन्हा तपासलं.

"स्प्रिंग ठीक आहे, साहेब. कोणी बसल्यासारखी दबलीय."

गाडी रिकामी होती.

दुपारी मुकुलची बायको गंधाली खाली आली. "चल ना, आरेतून चक्कर मारू."

तो "थांब" म्हणेपर्यंत तिने डावं दार उघडलंही. तशी ती बाजू हळूच वर आली.

गंधाली आत बसली. "सीट गरम कशी रे? गाडी तर सावलीत होती."

मुकुल सीटला हात लावून पाहायला वाकला. तेवढ्यात गाडी मागून दबली.