सरांच्या डब्यातली मेथी

"मी उपाशी होतो, तेव्हा सरांनी स्वतःचा डबा मला दिला!" सत्काराच्या व्यासपीठावर जुना विद्यार्थी गहिवरला.

पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी नाक मुरडलं. कसला डबा? घर शाळेला लागूनच. सर रोज दुपारी घरीच जेवायचे.

सर उत्तराला उठले. आधी चाचरले, मग खुलले. "हो, मेथीची भाजी होती." टाळ्या पडल्या, तसं तिच्यात दाण्याचं कूटही पडलं. सरांचे डोळे अगदी खरेखुरे पाणावले. "हिनेच केली होती. आठवतं ना गं?"

"न आठवायला काय झालं?" बाई जागेवरूनच फणकारल्या. "अळणी झाली म्हणून ताट भिंतीवर भिरकावलंत. तीनदा चुना फासला, तरी हिरवा डाग अजून दिसतो."