वाकलेली पट्टी

पाण्याचा जोरदार फवारा बसला की पोलाद वरून घट्ट होतं आणि शेजारी बांधलेली पातळ पट्टी कमानीसारखी वाकते. पट्टी सरळ, तर काम झालंच नाही. मशीनवर माझा नवरा, तपासणीला मी. आज आकाशपाळण्याच्या शाफ्टची पट्टी त्यानं हसतहसत टेबलावर ठेवली. "घे, मार शिक्का." कमान बिनचूक होती. सवयीनं मी पट्टी उलटवली. मागे टोच्यानं कोरलेलं इवलंसं फूल, माझ्याच हातचं. लग्न ठरल्याच्या दिवशी दोघांनी वाकवलेली ही पट्टी मी दागिन्यांच्या डबीत जपली होती. त्यानं कधी उलटून पाहिलीच नसावी. जाऊन पाहिलं, मशीन कोरडं ठणठणीत. "अगं, पंप बिघडलाय. कर ना डोळेझाक, घरचीच आहेस!" "पाळण्यात पोरं बसतात रे!" शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला, पट्टी मुठीत आवळली. "ही माझी. शाफ्टशेजारची वाकवून आण."