बेचाळीस सेकंद

सामुराईपटातल्या जुलमी सरदाराचा किल्ला क्योतोच्या स्टुडिओत चाळीस सुतारांनी तीन महिने खपून उभा केला होता. उंची कमरेएवढी. तो एकदाच जळणार होता, आणि तो तुडवणाऱ्या पाषाणराक्षसाच्या रबरी पोशाखात तोदा होता. आत जीव गुदमरला, तर त्याने उजवा हात वर करायचा आणि कॅमेरामन इवाकीने कॅमेरा थांबवायचा, असं दोघांचं ठरलेलं होतं.

हात वर झाला, तेव्हा मुख्य बुरूज अजून कोसळायचा होता. इवाकीने तो कोसळू दिला आणि मगच "कट!" म्हणून ओरडला. पोशाखाची पाठ कापून तोदाला बेशुद्धच बाहेर काढावं लागलं.

"हात दिसलाच नाही रे," तो शुद्धीवर आल्यावर इवाकी म्हणाला.

"असू दे, इवाकीसान. बुरूज पडला ना नीट?"

तीन दिवसांनी ते चित्रण पडद्यावर लागलं. राक्षस अवजड वाटावा म्हणून कॅमेरा तिप्पट वेगाने चालवला होता. त्यामुळे पडद्यावर सगळं तिप्पट संथ होऊन हात वर झाल्यापासूनचे चौदा सेकंद बेचाळीस झाले. हात स्वच्छ दिसत होता, आणि काही केल्या खाली येत नव्हता.

"वा! काय हात उगारलाय!" दिग्दर्शक खूश झाला. "हा तुकडा अख्खा ठेवा!"

शेजारी बसलेल्या तोदाकडे इवाकीला बघवेना.

शेवटी तोदाच हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी दोन्ही हात वर करतो, इवाकीसान."