नवा बोळा

बाळाचा डावा डोळा आज सकाळीही चिपडांनी चिकटला होता. अश्रूंची नळी अजून उघडलेली नाही, घाबरू नका, असं काल इथल्या तोआ पायोह भागातल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणाल्या. काजळ मात्र अजिबात नको. साताऱ्याहून घरचं काजळ घेऊन आलेल्या सासूबाईंनी डबी तेव्हाच पिशवीत कोंबली होती. क्षिप्राने उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवला. तीन आठवड्यांच्या जागरणाने बोळा हातातून निसटून फरशीवर पडला आणि तिला रडूच फुटलं. सासूबाई साबणाने हात धुऊन आल्या. त्यांनी नवा बोळा, डॉक्टरांनी दाखवलं तसा, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवला. बाळाने डोळा उघडला. “काल तुम्ही बघत होतात? मला वाटलं, रुसलात.” “रुसलेच होते. म्हणून बघायचं सोडेन का?” त्यांनी आणखी एक बोळा भिजवून पिळला. “एक बोळा एकदाच वापरायचा ना? आता तू डोळे मीट.”