आठवं घड्याळ

बाबा गेल्यापासून त्यांच्या घड्याळासारखं सोव्हिएत जमान्यातलं रशियन घड्याळ ऑनलाइन स्वस्तात दिसलं की निलम मागवायचीच. तलासरीच्या घरी सात जमली होती. आठवं आलं. सवयीनं तिनं मागचं झाकण उघडलं. आत सुईनं कोरलं होतं: निलम, इयत्ता पहिली. डहाणूत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी स्वतःच्या घड्याळात तिच्यादेखत कोरलेलं. "मनगटावरचं घड्याळ काढवलं नाही गं, चितेवर बाबांबरोबरच गेलं," वरोरच्या स्मशानातून परतल्यावर दादा रडत म्हणालेला. जाताना त्यानंच तिला दारात अडवलं होतं: "बाईमाणसानं स्मशानात यायचं नसतं." आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घड्याळाला चावी देऊन तिनं फोन लावला. "दादा, बाबांचं घड्याळ ऑनलाइन मिळालं." "अगं, ऐक तर..." "यापुढे घरात कुणीही गेलं, तर स्मशानात मी येणार. तुमच्या आगीत घड्याळं जळत नाहीत."